बोगद्याच्या तोंडाशी

माणसाला छंद असावा, याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुणी तिकिटे जमवतो, कुणी काडेपेटीची लेबले. पण एखादा छंद असा असतो, की हौस एकाची आणि ब्रेक दुसऱ्यानेच दाबायचा. बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा फोटो काढणे हा त्यातला छंद आहे, आणि त्याच्याशी माझे भांडण आहे.

पावसाळा लागला, की कर्जत ते लोणावळा या भोर घाटात कुत्र्याच्या छत्र्यांबरोबर ही फोटोवाली जमात उगवते. तिच्यात दोन पोटजाती. एक रुळावरची आणि दुसरी दारातली. रुळावरच्याला काळ्या भोकातून येणारा दिवा हवा असतो. वर हिरवा डोंगर, बाजूला धबधबा आणि गाडी शक्यतो त्याच्या अंगावर येत असलेली. दारातला एका हाताने दांडा धरतो, दुसऱ्या हातात मोबाइल धरतो आणि उरलेले सगळे शरीर डब्याबाहेर ठेवतो.

यांना काही सांगायला जावे, तर उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर : “काका, घाटात गाडी स्लो असते हो!”

असते ना. पण ती तुमच्यासाठी स्लो नसते. या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. वर जाताना मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. खाली येताना तर ड्रायव्हरचा सगळा जीव शेकडो टनांचे ओझे ब्रेकवर तोलण्यात गुंतलेला असतो. अशा वेळी वळणावर तुम्ही दिसलात, तर तो बिचारा फक्त भोंगा वाजवू शकतो. एसटीवाल्यासारखे स्टिअरिंग वळवून तुम्हाला चुकवण्याची सोय रेल्वेत नाही.

दुसरे उत्तर : “आवाज येतोच की!” येतो; पण कुठून येतो? घाटात मार्ग तीन. एकावर चढणारी गाडी कण्हत असते, तिच्या आवाजाने सगळी दरी भरते आणि त्याच आवाजाच्या आडून दुसरी गाडी खाली येते. बोगद्यात तर आवाज भिंतींवर आपटून चहूकडून येतो. “आत कोनाडे असतात,” असे एक जाणकार म्हणाले. असतात, पण ते रुळांची राखण करणाऱ्या गँगमनसाठी असतात. भर पावसात, रात्री दिवा घेऊन तो मैलोगणिक रूळ तपासत जातो. डोंगरावर चढून सैल झालेले दगड आधीच खाली पाडणारीही माणसे आहेत. घाटात उभे राहण्याचा हक्क असलाच तर त्यांचा आहे, आणि फोटोत नेमके तेच कधी नसतात.

तिसरे उत्तर सर्वांत भारदस्त : “आम्ही इतिहास टिपतो.” मग इतिहास ऐकाच. या घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी धावली. तेव्हा बोगदे होते २५. डायनामाइटचे पेटंट १८६७ सालचे, म्हणजे हा कातळ फुटला तो साध्या दारूने, पहारीने आणि माणसांच्या मनगटांनी. कॉलऱ्याने आणि तापाने मजूर हजारोंनी गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ साली आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढे ठेका निभावला तो त्याच्या बायकोने, ॲलिसने. एवढा इतिहास त्या काळोखात उभा आहे. आणि फोटोखालची ओळ काय? ‘मी आणि भोर घाट.’ त्यातही ‘मी’ आधी!

बरे, फोटो तरी धड येतो का? बाहेर लख्ख उजेड, आत मिट्ट काळोख. कॅमेरा बिचारा गांगरतो आणि एकतर पांढरा ठिपका देतो, नाहीतर काळा फळा. घरी बायको विचारते, “हे काय?”

“बोगदा.”

“अगंबाई! मला वाटलं, दिवे गेलेत.”

आणि यासाठी दारातल्याने डोके पणाला लावायचे! बोगद्याची भिंत डब्याच्या अगदी अंगाला येते, आणि ती ‘जरा सरकून घ्या’ म्हणत नाही.

कायदा आहे. रेल्वेच्या हद्दीत घुसणाऱ्याला १९८९च्या कायद्याच्या कलम १४७ नुसार सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये गोव्याच्या दूधसागरला रुळांवरून चालणाऱ्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. लोकांनी त्याचेही चित्रण केले, ते वेगळेच!

मला मात्र कायद्यापेक्षा ड्रायव्हरची काळजी वाटते. काही विपरीत झालेच, तर तुमचा प्रश्न त्याच क्षणी सुटतो. त्याचा सुटत नाही. त्याला पुन्हा कधीतरी तीच गाडी घेऊन त्याच बोगद्यात शिरायचे असते.

मी फोटोच्या विरुद्ध नाही. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवर कठड्याच्या आत बसा, डबा उघडा आणि दरीत डोळे लावा. रांगत जाणारी गाडी पोरांच्या खेळण्यासारखी दिसते. काढा फोटो हवे तितके. किंवा सरळ गाडीचे तिकीट काढा. कर्जतला वडा घ्या, खिडकीशी बसा आणि बोगदा आला की डब्यातल्या पोरांबरोबर बेंबीच्या देठापासून ओरडा. बोगद्याचा खरा उपयोग तोच आहे.

आणि एवढे सांगूनही आतल्या काळोखाचाच फोटो हवा असेल, तर रात्री घरातले सगळे दिवे घालवा आणि काढा. तंतोतंत तसाच येतो, आणि कुणाला ब्रेक दाबावा लागत नाही.