मालकाची नजर माजघरापर्यंत

मार्च 2020 मधील टाळेबंदीने मीरा-भाईंदरच्या नोकरदारांचा लोकलचा प्रवास थांबला आणि मुंबईतील कचेऱ्या मीरा रोडच्या दोन खोल्यांत येऊन विसावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व बीपीओ उद्योगावरील जुने निर्बंध सैल केले आणि घरून काम करण्याची वाट कायमची मोकळी झाली. मात्र कचेरीपाठोपाठ मुकादमही घरात शिरला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हा मुकादम म्हणजे संगणकात बसवलेली प्रणाली. कळफलक किती वेळ स्तब्ध राहिला, पडद्यावर काय उघडे आहे, याची ती नोंद ठेवते. ठरावीक अंतराने पडद्याचे छायाचित्र टिपते. काही ठिकाणी वेबकॅमही सुरू ठेवावा लागतो. ग्राहकांच्या बँक खात्यांचे काम करणाऱ्या कंपनीने दक्षता घेतलीच पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो दक्षता कोठे संपते आणि पाळत कोठे सुरू होते, हा.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. मात्र त्याच्या सातव्या कलमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. हे प्रयोजन कोठपर्यंत ताणायचे, याचे मोजमाप कायद्यात नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, परंतु मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली.

नेदरलँड्समध्ये एका अमेरिकी कंपनीने दिवसभर कॅमेरा सुरू ठेवण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला कामावरून काढले. तेथील न्यायालयाने 2022 मध्ये ही कारवाई अवैध ठरवून त्याला भरपाई देवविली. त्या निकालाला मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा आधार होता.

मीरा रोडच्या वन-रूम-किचनमध्ये हा प्रश्न अधिकच बिकट होतो. तेथे कॅमेऱ्यासमोर एकटा कर्मचारी नसतो. अभ्यासाला बसलेले मूल आणि आजारी सासूबाईही त्याच चौकटीत येतात. त्या कोणाच्या पगारपत्रकावर नाहीत, आणि त्यांची संमती कोणी विचारलेली नाही. नोकरीसाठी दिलेली सवलत त्यांना कशी लागू होणार? पाळतीची पूर्वसूचना, तिची मर्यादा आणि घरातील कॅमेऱ्याला मनाई, एवढे तरी कायद्यात स्पष्ट व्हायला हवे. पगार कामाचा मिळतो. घराचे भाडे किंवा हप्ता तर कर्मचारीच भरतो.