प्रश्न सोपा, आसन महाग

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजेच एनबीएचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि त्याच्याबरोबर आणखी एक हंगाम सुरू होतो. तो असतो प्रश्नमंजूषांचा. संघांची संकेतस्थळे, स्थानिक रेडिओ केंद्रे, वृत्तपत्रे, बँका, शीतपेयांच्या कंपन्या आणि मोटारविक्रेते चाहत्यांना या खेळाविषयी एखाद-दुसरा प्रश्न विचारतात आणि अचूक उत्तर देणाऱ्यांपैकी एखाद्याला आगामी सामन्याची दोन तिकिटे देऊ करतात. बास्केटबॉलचा शोध कोणत्या साली लागला, तीन गुणांची फेक एनबीएत केव्हा आली, एका सामन्यात १०० गुण कोणी केले, असे हे प्रश्न असतात. वरकरणी हा निरुपद्रवी खेळ आहे. चाहत्याला आपल्या ज्ञानाचे चीज झाल्यासारखे वाटते, संघाची प्रसिद्धी होते आणि कोणाचे काही बिघडत नाही, असा सार्वत्रिक समज आहे.

हा समज तपासून पाहण्याची गरज आहे. या छोट्याशा खेळात तिकिटांचे अर्थकारण, जुगारविषयक कायदा आणि ग्राहकाच्या खासगी माहितीचा बाजार हे तीन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सुटे केले, म्हणजे जे ज्ञानाचे पारितोषिक म्हणून दिले जाते, ते वस्तुतः फार निराळ्या गोष्टीचे मोल असते, हे ध्यानात येते.

रिकाम्या खुर्चीचे गणित

एनबीएत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो आणि त्यांतील साधारण निम्मे, म्हणजे ४१, आपल्या शहरात खेळतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बास्केटबॉलसाठी सुमारे १९ हजार ८०० प्रेक्षक बसतात. सॅक्रामेंटोच्या गोल्डन वन सेंटरची क्षमता साडेसतरा हजारांहून अधिक आहे. शनिवारी रात्री नामांकित संघ पाहुणा म्हणून येणार असेल, तर ही सभागृहे भरण्यास प्रयास पडत नाहीत. परंतु मंगळवारच्या थंडीत तळाच्या दोन संघांमधील सामना असला की गोष्ट वेगळी होते.

सामन्याची खुर्ची हा नाशवंत माल आहे. सामना सुरू होण्याचा चेंडू हवेत उडाला की न विकलेल्या खुर्चीची किंमत शून्य होते. ती उद्याच्या सामन्यासाठी राखून ठेवता येत नाही. त्यामुळे अशी दोन तिकिटे वाटून टाकताना संघाच्या खिशाला जवळजवळ काहीच तोशीस पडत नाही. उलट आलेला प्रेक्षक वाहनतळाचे शुल्क देतो, खाद्यपदार्थ घेतो, संघाचा सदरा विकत घेतो आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सभागृह भरलेले दिसते. जाहिरातीत मात्र बक्षिसाचे मूल्य तिकिटावर छापलेल्या दरानेच सांगितले जाते. देणाऱ्याला जवळजवळ फुकट पडणारी आणि घेणाऱ्याला महाग वाटणारी, अशी ही दुर्मिळ वस्तू आहे. प्रश्नमंजूषांचे सारे आकर्षण या तफावतीवर उभे आहे.

गेल्या दोन दशकांत ही तफावत वाढली. बेसबॉलमधील सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाने २००९ साली मागणीनुसार बदलणाऱ्या तिकीटदरांचा प्रयोग केला आणि बास्केटबॉलच्या संघांनीही पुढे तीच वाट धरली. तिकिटांच्या फेरविक्रीलाही राजमान्यता मिळाली. २००० साली स्थापन झालेली स्टबहब ही फेरविक्रीची कंपनी २००७ मध्ये ईबेने ३१ कोटी डॉलरना विकत घेतली. संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने घाऊक तिकिटे उचलणाऱ्या दलालांना आवर घालण्यासाठी अमेरिकी काँग्रेसला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. जुना, निष्ठावान, परंतु मध्यमवर्गीय चाहता या शर्यतीत मागे पडला. प्रश्नाचे उत्तर देऊन तिकीट मिळवण्याची कल्पना त्याला मोहात पाडते ती याचमुळे.

ज्ञानाचे अवमूल्यन

या स्पर्धांना एके काळी खरोखरच ज्ञानाची कसोटी म्हणता येत होते. रेडिओ निवेदक प्रश्न विचारी आणि अचूक उत्तर देणारा पहिला किंवा नववा दूरध्वनी करणारा श्रोता तिकिटे जिंके. त्या वेळी उत्तर ठाऊक असणे म्हणजे वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतील गुणतक्ते वाचलेले असणे, जुने सामने पाहिलेले किंवा ऐकलेले असणे. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी विल्ट चेंबरलेन याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले, तेव्हा प्रेक्षकांची अधिकृत संख्या अवघी ४ हजार १२४ होती. सामन्याचे दूरचित्रण उपलब्ध नाही. हा आकडा ज्याला तोंडपाठ असे, तो हाडाचा चाहता, असे निःशंक मानता येत होते.

आज तोच आकडा हाताच्या बोटावर तीन सेकंदांत मिळतो. बास्केटबॉल कधीही न पाहिलेला मनुष्यही शंभर टक्के अचूक उत्तरपत्रिका देऊ शकतो. २०१७ साली आलेल्या एचक्यू ट्रिव्हिया या मोबाइलवरील थेट खेळाने प्रत्येक प्रश्नाला दहाच सेकंद देऊन या अडचणीवर मात करण्याचा प्रयत्न केला. २०१८ मध्ये एका वेळी वीस लाखांहून अधिक लोक तो खेळले. मात्र २०२०च्या फेब्रुवारीत कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. पुढे तो खेळ काही काळ परतला, परंतु पूर्वीची गर्दी परतली नाही. तिकिटांच्या स्पर्धा चालवणाऱ्या बहुतेकांनी तर असा प्रयत्नही केलेला नाही. प्रश्न सोपा ठेवायचा, सर्वांची उत्तरे बरोबर येऊ द्यायची आणि मग सोडत काढायची, हा सरधोपट मार्ग रूढ झाला. अशा स्थितीत प्रश्न हा परीक्षक राहत नाही, तो केवळ दारावरचा तोरणाचा झेंडू होतो. आत चालते ती सोडतच.

कायद्याची गोम

सोडतच काढायची, तर प्रश्न विचारण्याचा खटाटोप कशासाठी? याचे एक उत्तर कायद्यात सापडते. अमेरिकेत बक्षीस, नशीब आणि सहभागासाठी मोजलेला मोबदला या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी ठरते आणि खासगी संस्थेला ती चालवता येत नाही. यांपैकी एक घटक काढून टाकला की आयोजक सुटतो. मोबदला काढला की ‘खरेदीची आवश्यकता नाही’ ही परिचित ओळ येते. नशीब काढले की कौशल्याची स्पर्धा होते. प्रश्न विचारल्याने स्पर्धेला कौशल्याचा रंग चढतो. तो रंग किती पक्का, हा प्रश्न वेगळा.

कॅनडात या तर्काचे टोक गाठले गेले आहे. टोरंटो रॅप्टर्स हा एनबीएतील संघ त्या देशातला. तेथील फौजदारी संहितेच्या २०६व्या कलमानुसार निव्वळ नशिबावर बक्षीस देण्यास प्रतिबंध आहे. म्हणून सोडतीत नाव निघालेल्या व्यक्तीला बक्षीस हाती देण्यापूर्वी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराचे एक छोटे गणित घातले जाते. ते सोडवले की नशीबवान मनुष्य कायद्याच्या दृष्टीने कुशल ठरतो! हा उपचार हास्यास्पद वाटला, तरी त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. तेथे कोणीही हे गणित म्हणजे खेळावरील निष्ठेची पावती असल्याचा आव आणत नाही.

अमेरिकेत प्रक्षेपणाबाबत नियम कडक होण्यास इतिहास कारणीभूत आहे. १९५०च्या दशकात दूरचित्रवाणीवरील ‘ट्वेंटी-वन’सारख्या प्रश्नमंजूषांत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवल्याचे उघड झाले आणि १९६० साली अशी लबाडी हा गुन्हा ठरवण्यात आला. १९७६ पासून रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांवर आपल्या स्पर्धांच्या महत्त्वाच्या अटी पूर्णपणे व अचूकपणे जाहीर करण्याचे बंधन आहे. परंतु नियम सांगतात ते स्पर्धा जाहीर केल्याप्रमाणे चालवा, एवढेच. ती कशासाठी चालवली जाते, हे ते विचारत नाहीत.

मोबदला कोणता?

ते ‘कशासाठी’ उत्तराच्या रकान्यात नसते. ते प्रवेशपत्रिकेतील इतर रकान्यांत असते. नाव, ई-मेल, मोबाइल क्रमांक, जन्मवर्ष, वस्तीचा टपाल क्रमांक, आवडता खेळाडू आणि वर्षाकाठी पाहिलेले सामने अशी माहिती तेथे मागितली जाते. शेवटी एक छोटी चौकट असते आणि तिच्यावर खूण केली की संघाला व त्याच्या प्रायोजकांना संपर्क साधण्याची मुभा मिळते. हंगामी तिकिटे विकणाऱ्या विभागाला याहून सरस यादी पैसे देऊनही सहज मिळणार नाही, कारण यातील प्रत्येकाने सामना पाहण्याची इच्छा स्वतःहून नोंदवलेली असते. तिकिटे दोघांना मिळतात, यादी मात्र सर्वांची तयार होते. नाव-पत्ता देणे म्हणजे मोबदला देणे, असे तेथील कायदा सर्वसाधारणपणे मानत नाही. बाजार मात्र तसेच मानतो, आणि व्यवहारात बाजाराचे मत अधिक खरे ठरते.

यात फसवणूक झाली, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. अटी लिहिलेल्या असतात आणि सहभाग ऐच्छिक असतो. आक्षेप आहे तो दर्शनी पाटीवर. चाहत्याला सांगितले जाते, ‘तुमचे ज्ञान दाखवा’. त्याच्याकडून घेतली जाते ती ओळख.

मुंबईचा जुना अनुभव

कौशल्य आणि नशीब यांच्या या सरमिसळीचा अनुभव मुंबईलाही आहे, आणि तोही वृत्तपत्रांच्याच पानांवरचा. बंगळुरूहून प्रसिद्ध होणारे आणि मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर खपणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बक्षिसांची शब्दकोडी चालवीत असे. कोड्यातील अनेक रकान्यांत दोन शब्द सारखेच चपखल बसत. आयोजकांनी आधी ठरवून ठेवलेला शब्द तोच बरोबर. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात अशा स्पर्धेला जुगार ठरवले आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असा निर्वाळा दिला. ज्या स्पर्धेत यश मोठ्या अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगाराच्या जातीची, ही कसोटी तेव्हापासून भारतात रुजली.

अर्धशतकानंतर २००७ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा झाली. सोप्या प्रश्नाचे उत्तर एसएमएसने पाठवायचे आणि अचूक उत्तरांतून सोडतीने विजेता निवडायचा, असे तिचे स्वरूप होते. एका संदेशाचा दर २ रुपये ४० पैसे होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी व दूरसंचार कंपनीला एक कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या उत्पन्नातूनच दिली गेली हे सिद्ध करणारा पुरावा नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निर्णय रद्द केला. निकाल पुराव्यावर झाला. सोप्या प्रश्नाआडून सोडत काढावी की नाही, हा व्यापक मुद्दा त्यामुळे निकाली निघाला नाही.

चार ऑक्टोबरची खुर्ची

तिकिटे कोणाला द्यावीत, या प्रश्नाचे एक वेगळे उत्तरही मुंबईनेच पाहिले आहे. सॅक्रामेंटो किंग्जचे मालकत्व २०१३ साली घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. त्यांच्या संघाचे इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सरावसामने ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय सभागृहात झाले. भारतातील ते पहिलेच एनबीए सामने. पेसर्सने पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ आणि दुसरा १३०-१०६ असा जिंकला. यातील महत्त्वाची बाब गुणफलकावर नव्हती. पहिल्या दिवशीच्या खुर्च्या शालेय बास्केटबॉल उपक्रमातील ७० शाळांच्या तीन हजारांहून अधिक मुलामुलींना देण्यात आल्या. दुसऱ्या दिवसाची तिकिटे विक्रीस होती.

त्या मुलांना चेंबरलेनचे गुण विचारले गेले नाहीत. चेंडू हाताळणे हीच त्यांची पात्रता होती. उपक्रमाचा प्रायोजक मोठा उद्योगसमूह होता आणि त्यालाही प्रसिद्धी मिळाली, हे खरे. परंतु त्या दिवशी खुर्ची कोणत्या निकषावर मिळाली, हे सर्वांना ठाऊक होते.

प्रश्नमंजूषांकडूनही एवढीच अपेक्षा आहे. तिकिटे किती आणि कोणत्या रांगेतील, प्रवेशिका किती आल्या, विजेता उत्तरावर निवडला की सोडतीवर, आणि गोळा झालेल्या माहितीचे पुढे काय होणार, या चार बाबी प्रश्नाइतक्याच ठळक अक्षरांत छापता येतील. भारतात बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागी झालेल्यांपासून दडवणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहेच. ज्यांना खरोखर जाणकार चाहता हवा आहे, त्यांनी शोधयंत्राला न सापडणारे प्रश्न विचारावेत. शेवटची दोन मिनिटे उरली असता प्रशिक्षकाने वेळ का मागितला, हे समजावून सांगायला लावावे. अशा उत्तरपत्रिका वाचायला माणसे लागतील आणि वेळही लागेल. तेवढे कष्ट नको असतील, तर सरळ सोडत जाहीर करावी. चिठ्ठी टाकून मिळालेल्या तिकिटानेही सामना तितकाच रंगतो. मात्र चिठ्ठीला परीक्षेचे नाव देऊन परीक्षार्थीचा पत्ता विकू नये.