जुनी मोटार आणि हाताची विद्या

उधन्यातील आमच्या गल्लीत एका निवृत्त गृहस्थांच्या घरामागे पत्र्याची पडवी आहे. तेथे १९६८ सालच्या एका फियाट मोटारीचे पुनरुज्जीवन चालू आहे. शाळेतून परतताना आमचे काही विद्यार्थी तेथे रेंगाळतात, म्हणून पालकांची तक्रार आली. ‘तेल-ग्रीस चिवडून का कोणी परीक्षा उत्तीर्ण होतो?’ या प्रश्नाला उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा तो कारखाना. हिच्याच वंशातील ‘पद्मिनी’ने पुढे टॅक्सीच्या रूपाने मुंबईची दीर्घकाळ सेवा केली व ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला.

या मोटारीचे इंजिन वर्षानुवर्षे न फिरल्याने जाम झाले होते. त्या गृहस्थांनी बळजबरी केली नाही. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, आठ दिवस मुरू दिले आणि मग इंजिन हाताने हलके हलके फिरविले. काढलेला प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावून डबीत ठेवला. गंजक्या पत्र्यावर लांबी भरून रंग मारणे सोपे होते; परंतु आतला गंज वाढतच राहतो. म्हणून सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडला. विद्यार्थिमित्रहो, न समजता केलेले पाठांतर म्हणजे गंजावर मारलेला रंगच नव्हे काय?

जुनी मोटार धूर ओकते व पैसा खाते, हा आक्षेप खोटा नाही. रोजच्या वापरासाठी ती हट्टाने राखावी, असे मीही म्हणणार नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी दिली, परंतु नित्य वापराची मुभा दिली नाही. हे योग्यच झाले. येथे मोल आहे ते मोटार दुरुस्त करताना मिळणाऱ्या ज्ञानाचे.

माझे घर कोकणी बोलणारे. तेथे मोडलेला पाट आजोबा स्वतःच नीट करीत. उधन्यातही मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारे पालक आहेत. त्यांची ही विद्या गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ती उणी ठरत नाही. तेव्हा पालकांना माझी विनंती आहे : अभ्यास आटोपल्यावर मुलांना खुशाल त्या पडवीत जाऊ द्यावे. काळे झालेले हात साबणाने स्वच्छ होतात. श्रमाची लाज मात्र एकदा मनात शिरली, की सहजी निघत नाही.