गोळी कोणी सोडली?

‘बंदूक साफ करताना चुकून गोळी सुटली.’ हे वाक्य बातम्यांत इतक्यांदा येतं की त्यात कर्ताच नाही, हे लक्षातही येत नाही. दूध उतू जावं, तशी गोळी सुटते. ब्रिटिश लष्करात मात्र अशा प्रकाराला निष्काळजीपणा म्हणतात आणि सैनिकाला त्याची शिक्षा होते. मला हा शब्द मोलाचा वाटतो. अपघात म्हटलं की नशिबाला बोल लावून माणूस मोकळा होतो, हाताची सवय तशीच राहते.

साफ करायला घेतलेल्या पिस्तुलात गोळी उरते कशी? बहुधा क्रम चुकतो. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर पाडायची. घाईत हे उलटं झालं, तर पुढे येणारी स्लाइड मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये सारते. त्यानंतर मॅगझिन काढलेला माणूस निर्धास्त होतो आणि चाप ओढतो. मॅगझिन नसतानाही अनेक पिस्तुलं उडतात. म्हणून चेंबर डोळ्यांनी पाहायचं, बोटाने चाचपायचं. एनसीसीत ‘खाली कर’चा सराव कंटाळा येईपर्यंत घोटून घेतात, तो यासाठीच.

1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा अडवणारी पट्टी नसते. घोड्यावर आपटलं तर ते उडू शकतं. जुने जाणते घोड्याखालचं घर रिकामं ठेवत, सहा घरांत पाचच गोळ्या भरत. निसटलेलं शस्त्र झेलायला जाणं ते पडू देण्याहून वाईट, कारण झडप घालणारं बोट नेमकं चापावर पडतं.

वरातीत हवेत गोळीबार केला, तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घरातल्या कपाटापाशी मात्र पोलीस उभा नसतो. तिथे अमेरिकी मरीन अधिकारी जेफ कूपर यांचे नियमच उपयोगी पडतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा, नेमामागे काय आहे ते ओळखा. बोट चुकलं तरी नळी सुरक्षित दिशेला असेल, तर गोळी भिंतीत जाते, माणसात नाही.

बँकेच्या दारात रखवालदाराच्या मांडीवर दुनळी आडवी असते, नळी पेन्शनच्या रांगेकडे. ‘काका, नळी जरा खाली करा,’ असं मी दोनदा म्हटलं आहे. दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘रिकामी आहे.’