तिथीची पाऊणपट

वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळणार, या एका प्रश्नापायी ठाण्यातल्या एका आजींनी सहा वर्षे माहेरचे नाव काढले नव्हते. माहेर गुहागरचे. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. ढाब्यामागच्या निसरड्या संडासात बसणे-उठणे जमणारे नव्हते. घरातल्या पुरुषांना मात्र "आता दगदग सोसत नाही" एवढेच सांगितले जाई. खरे कारण सूनबाईंना ठाऊक. म्हणून हिवाळ्यात त्यांनी हट्टाने कॅराव्हॅन भाड्याने घ्यायला लावली.

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. झोपायची बाकडी, वीतभर ओटा, पाण्याची टाकी आणि, मुख्य म्हणजे, कमोड. हौसेखातर असे घर घेऊन हिंडण्याची टूम इंग्लंडात काढली ती गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-डॉक्टराने, १८८५ साली. त्याची गाडी दोन घोडे ओढत. महाराष्ट्र सरकारचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण आले २०२१ मध्ये. धोरण आले, पण किनाऱ्यावरच्या गावांतल्या वाटा बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या! दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, वर विजेच्या तारा आणि झावळ्या. अलिबागपासून पुढे दर वळणावर नातवाने खाली उतरून हात दाखवायचा, हे ठरूनच गेले.

वाटेत तीन खाड्या. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी आणि शेवटची दाभोळहून धोपावे. पहिल्या दोन फेरीबोटी निर्विघ्न पार पडल्या. वेळासच्या किनाऱ्याजवळ मुलाने "सांडपाणी इथेच वाळूत सोडू या, कोण बघतंय?" असे म्हटले आणि आजींचे बोलणे खाल्ले. त्या वाळूत कासवे अंडी घालतात, हे सगळ्या कोकणाला माहीत. टाकी रिकामी करायची ती कुणाच्या तरी संडासाच्या टाकीत, विचारून. ते थोडे लाजिरवाणे वाटते खरे, पण दुसरा उपाय नाही.

रात्रीचा मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला. (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे. हे महर्षी कर्व्यांचे.) सकाळी आठला गाडी दाभोळच्या धक्क्यावर आली आणि अडली. पाणी पार खाली गेलेले. बोटीची फळी इतकी उतरती, की गाडीचा लांबलचक मागचा भाग टेकलाच असता, आणि नेमकी तिथेच खाली सांडपाण्याची टाकी.

"मागं टेकंल, काका. पानी चढू द्या," बोटीवरचा माणूस म्हणाला.

"कधी चढणार?" मुलगा वैतागला. चिपळूणवरून वळसा घालू, असे त्याने ठरवूनही टाकले. तो वळसा म्हणजे घाटाची वळणे आणि अर्धा दिवस.

"उद्या संकष्टी ना? म्हणजे आज वद्य तृतीया," आजी आतून म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट कर."

तीनची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, आठच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा नुकतीच सरलेली, म्हणून उधाणाचे दिवस. पाणी उतरते तेही खूप आणि चढते तेही भराभर. किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळाआधी पंचांग बघत ती याचसाठी. बोटीवरच्या माणसाने मान डोलावली. "आजी बरोबर सांगत्यात. अकराला या."

मुलाचा चेहरा उतरलेलाच. पण सूनबाईंनी ओट्यावर मऊभात टाकला, मेतकूट-तूप काढले. आजी कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता, उठून मागे जाऊन आल्या. सहा वर्षांत प्रथमच प्रवासात त्यांनी पोटभर पाणी प्यायले होते.

अकरा वाजता फळी जवळजवळ सपाट झाली आणि गाडी बोटीवर चढली.

गुहागरात मात्र माहेरच्या पाखाडीत गाडी शिरेना. दोनशे पावले आजी काठी टेकत गेल्या. बेड्याशी वहिनी उभ्याच होत्या. रडणे झाले, भात झाला, संध्याकाळी अंथरुणे पडली.

"आता ते गाडीबिडीत झोपायचं नाही हं, वन्सं," वहिनींनी बजावले.

"झोपत्ये इथेच," आजी म्हणाल्या, "पण पहाटे पाचला मला गाडीपर्यंत सोडायला कुणीतरी उठा."