सर्व्हरची आवृत्ती बदलायची कोणी?

विशेष प्रतिनिधी

नेरे (पनवेल) - सिडकोच्या 'नैना' नियोजन क्षेत्रात मोडणाऱ्या नेरे परिसरात जमिनीचा व्यवहार, पीककर्ज वा वारसनोंद यांपैकी कोणतेही काम आता संगणकीकृत सातबाऱ्यावाचून पुढे सरकत नाही. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या दप्तराचे महत्त्व सर्व्हरकडे गेले. साहजिकच सर्व्हरवरील पायाभूत सॉफ्टवेअर कधी आणि कोणाच्या जबाबदारीवर बदलायचे, हा निव्वळ तांत्रिक वाटणारा प्रश्न नागरिकांच्या दारात येऊन ठेपला आहे.

कार्यालये, बँका, पतसंस्था यांच्या सर्व्हरवर बहुधा पुरवठादाराने करून दिलेली अनेक सॉफ्टवेअर एकत्र चालतात. त्यांच्या तळाशी मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट'सारखी समान चौकट असते. 'डॉट नेट फ्रेमवर्क'च्या ४.५.२, ४.६ आणि ४.६.१ या आवृत्त्यांचा आधार २६ एप्रिल २०२२ रोजी संपला. 'विंडोज सर्व्हर २०१२'ची मुदतही १० ऑक्टोबर २०२३ रोजी सरली. नवी आवृत्ती घेणे हाच शहाणपणा, असे यावरून वाटते. मात्र, खरी अडचण पुढेच आहे.

या चौकटीची ३.५ आणि ४.८ ही आवृत्ती एकाच सर्व्हरवर शेजारी-शेजारी नांदू शकते. परंतु चौथ्या मालिकेतील नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसत नाही, तिची जागाच घेते. म्हणजे एका सॉफ्टवेअरसाठी केलेला बदल त्या मालिकेवर चालणाऱ्या इतर सर्वांना लागू होतो. जुनी सॉफ्टवेअर चालत राहावीत, अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे आणि बहुतेक ती चालतातही. तथापि, 'या आवृत्तीवर आम्ही चाचणी घेतलेली नाही' असे पुरवठादाराने कळविल्यास, बिघाड झाल्यावर दाद कोणाकडे मागायची? या भीतीपोटीच अनेक ठिकाणी जुन्या सर्व्हरला कोणी हात लावत नाही.

न्हावा-शेवाचा धडा

हात न लावण्याची किंमत रायगड जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मर्स्क समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. विंडोजमधील ज्या त्रुटीचा या हल्ल्यात वापर झाला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हा हल्ला शिरला तो युक्रेनमधील एका कर-हिशेब सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून, म्हणजेच विश्वासातील पुरवठादाराच्या दारातून! पुढे १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्यामुळे बदल टाळणे जितके धोक्याचे, तितकेच तो डोळे मिटून स्वीकारणेही धोक्याचे ठरते.

उत्तर करारात

वाद नव्या-जुन्या आवृत्तीचा नसून जबाबदारीचा आहे. देखभालीच्या करारात सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीवर चालते, तिचा आधार कधी संपतो आणि त्यापूर्वी किती महिने आधी पुरवठादाराने नव्या आवृत्तीची लेखी हमी द्यायची, हे नमूद असले पाहिजे. मूळ सर्व्हरची हुबेहूब प्रत करून तिच्यावर आधी चाचणी, बॅकअप केवळ घेणे नव्हे तर तो प्रत्यक्ष परत चढवून पाहणे, आणि बिघाड झाल्यास पूर्वस्थितीत येण्याची ठरलेली वेळ, ही पथ्ये खर्चिक नाहीत. एका सर्व्हरवर दहा सॉफ्टवेअर कोंबण्याऐवजी महत्त्वाची सॉफ्टवेअर वेगळी ठेवली, तर एकाच्या हट्टापायी बाकीची अडकत नाहीत.

वेळेचेही भान हवे. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी शेतकरी सातबारा मागत असताना किंवा मार्चअखेर दस्तनोंदणीची गर्दी असताना असा प्रयोग करणे म्हणजे लोकांचे हाल ओढवून घेणे होय. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द खिडकीवर सहज सांगता येतात. पण नेऱ्यातील शेतकऱ्याला त्यापायी पनवेलची आणखी एक खेप पडते, अन् तिचा हिशेब कोणत्याच करारात धरलेला नसतो.