नक्कल उजेडाची करा, वार्निशची नको

आमच्याकडे प्रसिद्धीसाठी येणाऱ्या पोर्ट्रेटमध्ये हल्ली एक प्रकार वरचेवर दिसतो. मिट्ट काळा बॅकड्रॉप, डोक्याला गुंडाळलेलं कापड, अंगावर मखमल, आणि सगळ्या फोटोवर चहा सांडल्यासारखी तपकिरी झाक. काही जण त्यावर भेगाळलेल्या रंगाचं टेक्श्चरही चढवतात. खाली लिहिलेलं असतं, ‘रेनेसान्स पोर्ट्रेट’. या फोटोंमागची मेहनत खरी असते, म्हणूनच त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

ती तपकिरी झाक चित्रकाराच्या हातची नव्हेच. तैलचित्रावर राळेचं वार्निश चढवत. ते काळाच्या ओघात पिवळं पडतं, मग काळवंडतं. लूव्हरमधली मोनालिसा आपण अशाच थराआडून पाहतो. तिची लिओनार्दोच्या कार्यशाळेतच झालेली एक प्रत माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. २०१२मध्ये ती साफ होऊन लोकांपुढे आली, तेव्हा मागाहून कुणीतरी फासलेल्या काळ्या रंगाखालून डोंगर, पाणी, वाटा असा सगळा देखावा बाहेर आला. बाह्यांचा तांबडा रंग उजळला, भुवया दिसू लागल्या. आपण प्रीसेट मारून जी झाक मोठ्या हौसेने आणतो, ती काढून टाकण्यात संग्रहालयांची माणसं आयुष्य घालवतात.

दुसरा घोळ प्रकाशाचा. गालावर त्रिकोण पाडणाऱ्या रेम्ब्रांट लाइटिंगला सर्रास रेनेसान्स म्हटलं जातं. रेम्ब्रांट जन्मला १६०६मध्ये. तो आणि त्याच्याआधीचा काराव्हाज्जो हे बरोकचे. त्यांचा उजेड नाट्यमय, कापून काढल्यासारखा. लिओनार्दोला नेमका तसा उजेड नको होता. चेहरा रंगवायला ढगाळ दिवस किंवा संध्याकाळची वेळ निवडा, भिंती काळ्या केलेल्या चौकात माणूस बसवा आणि वर कापडाचं छत ताणा, असा सल्ला त्याने आपल्या टिपणांत देऊन ठेवला आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर वरून मोठा स्क्रिम आणि दोन्ही बाजूंनी निगेटिव्ह फिल. उजेड मऊ, तरी गालाची गोलाई सपाट होत नाही, कारण भिंतींवरून उलटून येणारा प्रकाश काळ्या रंगाने खाऊन टाकलेला असतो. ज्यांच्या ओळखीत एखादा जुना वाडा आहे, त्यांनी चौकावर मांजरपाट ताणून आणि दोन बाजूंना काळं कापड टांगून हे एकदा करून पाहावंच. स्टुडिओत मोठा सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या शक्य तितका जवळ आणा आणि हेअर लाइट बंद करा. केसांमागची ती चमकती कड या चित्रांत कुठेच सापडत नाही.

यान व्हान आइकचं लाल पागोट्यातल्या माणसाचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, १४३३चं, जेमतेम २६ सेंटीमीटर उंच. जवळून पाहिलं तर हनुवटीवरचे खुंट मोजता येतील. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक लाल शिरा आहेत, कॉलरच्या फरचा केस न् केस आहे. इथे कुठलीच गोष्ट फोकसबाहेर नाही. आणि आपण काय करतो? एफ/१.४ वर कानसुद्धा धूसर करतो, आणि मग त्वचा घोटून मेणाची करतो. एफ/८ वर या. सुरकुती राहू द्या, तीळ राहू द्या. सहाशे वर्षांपूर्वीचा तो माणूस अजून आपल्याकडे रोखून पाहतोय असं वाटतं ते त्या शिरांमुळे.

काळा बॅकड्रॉप हवाच असंही नाही. राफाएलने १५१४-१५च्या सुमारास केलेलं कास्तिल्योनेचं पोर्ट्रेट पाहा: मागे उबदार करडा उजेड, अंगावर काळा, करडा आणि पांढरा एवढेच रंग, आणि त्या सगळ्यातून वर येणारे निळे डोळे. रंग कमी केले की चेहऱ्याला जागा मिळते. ड्रेपरीवाल्याकडून आणलेलं सॅटिन मात्र प्रत्येक घडीवर चमकतं आणि नजर तिकडेच जाते; त्यापेक्षा घरातली जुनी लोकरीची शाल कितीतरी बरी. डच छायाचित्रकार हेंड्रिक केर्स्टन्स यांनी २००७मध्ये मुलीच्या डोक्यावर साधी प्लास्टिकची पिशवी घातली आणि सतराव्या शतकातल्या डच टोपीचा भास उभा केला. खिडकीसारखा उजेड आणि मुलीचं शांत बसणं, एवढ्यावर ते चित्र तोललेलं आहे.

शांत बसणं हा भाग आपण सर्वांत कमी शिकवतो. क्लायंटला हसायला सांगू नका. हात एकमेकांवर ठेवायला सांगा, नजर लेन्सवर आणि खांदा किंचित वळलेला. मग थांबा. ओढूनताणून आणलेला भाव थोड्या वेळाने आपोआप गळून पडतो, तोवर शटरला हात लावू नका.

पुढच्या अंकासाठी अशी पोर्ट्रेट मागवत आहोत. उजेड एकच असावा, एफ/८ किंवा त्याहून लहान ॲपर्चर, टेक्श्चर आणि प्रीसेट नको. सोबत मूळ रॉ फाइल आणि उजेडाची जागा दाखवणारं हाताने काढलेलं रेखाटन जरूर पाठवा; निवडलेल्या फोटोंशेजारी ते रेखाटनही छापू.